लांछन, कला आणि ओळख

लांछन, कला आणि ओळख : वेडेपणा, भीतिदायक मानला गेलेला आजार, अपंगत्व किंवा लैंगिक वेगळेपण यांचा शिक्का ज्यांच्यावर बसला आहे अशा व्यक्तींची कलानिर्मिती, त्या शिक्क्याचा त्यांच्या मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम आणि स्वतःची ओळख स्वतःच मांडण्याची त्यांची धडपड यांचा परस्परसंबंध. समाजशास्त्र, मानसोपचार व कलेतिहास या तिन्ही शाखांनी त्याचा आपापल्या परीने विचार केला आहे. तरी त्यांतले बहुतेक वाद शेवटी एकाच प्रश्नापाशी येतात, तो म्हणजे माणसाचे नाव कोणी घ्यायचे आणि त्याला काय जोडून घ्यायचे.

संस्कृतात लांछन म्हणजे मुळात खूण. जैन मूर्तिशास्त्रात ऋषभनाथांचा बैल किंवा महावीरांचा सिंह यांना आजही लांछनच म्हणतात, कारण एकसारख्या दिसणाऱ्या तीर्थंकरमूर्ती त्यांवरूनच ओळखता येतात. मराठीत मात्र या शब्दाला बट्ट्याचा अर्थ चिकटला. ग्रीक भाषेतील ‘स्टिग्मा’ हा शब्दही अंगावर केलेल्या खुणेचाच वाचक होता आणि गुलामांच्या व गुन्हेगारांच्या कातडीवर ती उमटवली जाई. रोजच्या बोलण्यातला ‘शिक्का’ हा शब्द या दोहोंपेक्षा नेमका वाटतो. डाग पडतो, पण शिक्का कोणीतरी मारावा लागतो.

अमेरिकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. ज्यांचे लांछन चारचौघांना दिसते आणि ज्यांचे अद्याप उघड झालेले नाही, असे दोन गट त्यांनी मानले. पहिल्या गटाला समोरच्याचा अवघडलेपणा सांभाळावा लागतो, तर दुसऱ्या गटाला माहिती सांभाळावी लागते : कोणाला काय सांगितले, कोणापासून काय लपवले, औषधाची बाटली कोणाच्या नजरेस पडली, याचा हिशेब मनात सतत चालू राहतो आणि तो थकवणारा असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक व जो फेलन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की नाव ठेवणे, त्या नावाला दुर्गुण जोडणे, ‘ते’ आणि ‘आपण’ अशी फारकत करणे, प्रतिष्ठा घटणे व भेदभाव होणे या सर्व गोष्टी सत्ता हाती असल्याशिवाय घडत नाहीत. लोकांचे मत माणूस स्वतःवरच लावून घेतो तेव्हा त्यास आत्मलांछन म्हणतात. ‘आपल्याच्याने काय होणार’ असे वाटून उपचार, नोकरी, मैत्री यांचा प्रयत्नच सोडून देणे हा त्याचा नेहमीचा परिणाम होय.

कलावस्तूत ही झटापट कशी उतरते, याचे जवळून पाहण्यासारखे उदाहरण म्हणजे जर्मनीतील आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे जाकीट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णालयात असताना तिने संस्थेच्या करड्या कापडाचे हे जाकीट शिवले आणि त्यावर जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत, रंगीत धाग्यांनी मजकूर भरला. ओळी एकमेकींवर चढलेल्या आहेत. काही मजकूर आतल्या बाजूस, म्हणजे अंगाला लागून राहील असा आहे आणि वापराने झिजल्यामुळे तो धड वाचता येत नाही. जे लागते त्यात ‘मी’ हा शब्द वारंवार येतो. त्याच्याच जोडीला ५८३ हा कपड्यांवर टाकला जाणारा तिचा संस्थेतील क्रमांकही येतो. दिलेला क्रमांक तिने खोडला नाही, तो स्वतःच्या टाक्यांनी भरला. हे वाचण्यासाठी लिहिले होते की केवळ अंगावर बाळगण्यासाठी, हे अभ्यासकांना ठरवता आलेले नाही. ते ठरवण्याचा आग्रह तरी का धरावा, असेही म्हणता येईल.

हे जाकीट हायडेलबर्ग येथील प्रिन्झहॉर्न संग्रहात आहे. मानसोपचारतज्ज्ञ व कलेतिहासकार हान्स प्रिन्झहॉर्न यांनी पहिल्या महायुद्धानंतर अनेक रुग्णालयांतून सुमारे साडेचारशे रुग्णांच्या सुमारे ५,००० कलाकृती जमवल्या व १९२२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात निवडलेल्या दहा कलावंतांना त्यांनी टोपणनावे दिली. त्यामागे गोपनीयतेचा विचार होता, पण तिची दुसरी बाजू अशी की चित्रे जगभर पोहोचली आणि चित्रकार मात्र निनावी राहिले. याच्या उलट, स्विस डॉक्टर वाल्टर मॉर्गेनथालर यांनी वर्षभर आधी, १९२१ मध्ये, आपला रुग्ण आडोल्फ व्योल्फ्ली याच्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्याचे खरे नाव छापले आणि त्याला सरळ कलावंत म्हटले. व्योल्फ्ली १८९५ पासून १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत बर्नजवळच्या वाल्डाऊ रुग्णालयात राहिला. तेथे त्याने हजारो पानांचे सचित्र काल्पनिक आत्मचरित्र रचले, म्हणजे मिळालेल्या आयुष्याऐवजी दुसरेच लिहून काढले.

नाझी राजवटीने प्रिन्झहॉर्न यांचा हाच संग्रह उलट्या हेतूने वापरला. ‘अधःपतित कला’ या नावाचे प्रदर्शन १९३७ मध्ये म्यूनिकमध्ये भरले आणि पुढे ते गावोगावी फिरू लागले, तेव्हा आधुनिक चित्रकारांची निंदा करण्यासाठी हायडेलबर्गमधील रुग्णांची कामे त्यांच्या शेजारी मांडण्यात आली. यात दोघांचाही अवमान होता, परंतु किंमत सारखी नव्हती. कुशल लोहारकाम करणारा फ्रांत्स कार्ल ब्यूलर हा प्रिन्झहॉर्न यांच्या दहांपैकी एक. १९४० मध्ये ग्राफेनेक येथील वायुकक्षात इतर रुग्णांबरोबर त्याची हत्या झाली.

दुःखातून आणि वेडातून प्रतिभा फुलते हा लोकप्रिय समजही एक प्रकारचा शिक्काच आहे, फक्त त्याला सोनेरी मुलामा दिलेला असतो. फ्रेंच शिल्पकार कामीय क्लोदेल हिला १९१३ मध्ये घरच्यांनी मनोरुग्णालयात ठेवले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ३० वर्षे, ती बाहेर आली नाही. या काळात तिने शिल्पकाम केले नाही. कोंडलेपणाने कला जन्माला घातल्याची उदाहरणे सांगताना, कोंडलेपणाने संपवलेली कला मोजली जात नाही.

फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे यांनी १९४५ मध्ये ‘आर्ट ब्रूट’, म्हणजे कच्ची, संस्कार न झालेली कला, ही संज्ञा रूढ केली. त्यांचा संग्रह १९७६ पासून लोझान येथील संग्रहालयात आहे. या संज्ञेमुळे अनेक कामे कचऱ्यात जाण्यापासून वाचली हे खरे, पण तिच्यातून पुढे आलेले ‘बाहेरचा कलावंत’ (आउटसायडर आर्टिस्ट) हे नवे नावही माणसाला बाहेरच ठेवते अशी टीका होते आणि ती रास्त आहे.

ब्राझीलमधील मानसोपचारतज्ज्ञ निझे दा सिल्वेरा यांची वाट वेगळी होती. मार्क्सवादी पुस्तके बाळगल्यावरून १९३६ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला होता, त्यामुळे कुलपाची आतली बाजू त्यांना ठाऊक होती. रिओ दि जानेरो येथील रुग्णालयात विजेचे झटके देण्यास त्यांनी नकार दिला, १९४६ मध्ये तेथे चित्रशाळा सुरू केली आणि १९५२ मध्ये अबोध मनाच्या प्रतिमांचे संग्रहालय स्थापन केले. रुग्णांना त्या रुग्ण म्हणत नसत. त्याच शहरातील दुसऱ्या संस्थेत आयुष्याचा मोठा काळ काढलेल्या आर्थर बिस्पो दो रोझारिओ याने संस्थेच्या गणवेशाचे निळे धागे उसवून त्यांनी भरतकाम केले. ईश्वरापुढे उभे राहताना घालायचा म्हणून केलेल्या त्याच्या झग्याच्या अस्तरावर ओळखीच्या माणसांची नावे भरलेली आहेत. तो स्वतःला कलावंत म्हणवत नसे. १९८९ मध्ये तो वारला आणि १९९५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकी या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्याची कामे ब्राझीलच्या वतीने मांडली गेली.

नावालाच आशय करणारे सर्वांत मोठे सामूहिक काम म्हणजे १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली एड्स स्मृतिगोधडी. तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद व ६ फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा असतो. ज्या मृतांचे अंत्यविधी करण्यासही काही ठिकाणी नकार मिळत होता, त्यांच्यासाठी घरच्यांनी आणि मित्रांनी जुने शर्ट, जीन्स, खेळणी जोडून हे तुकडे शिवले. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे ती प्रथम पसरली तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते आणि ती मांडताना नावे मोठ्याने वाचली गेली. तरीही काही तुकड्यांवर आडनाव नाही. गोधडीतही लपावे लागले, हा तपशील आकड्यांपेक्षा अधिक सांगतो.

उपचार म्हणून कलेचा वापर करताना कलोपचार ही संज्ञा १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी वापरली. क्षयाच्या आरोग्यधामात स्वतः बरे होत असताना चित्रे काढण्याचा गुण त्यांना जाणवला होता. ब्रिटनमधील कलोपचारकांची संघटना १९६४ मध्ये स्थापन झाली. लेखनाबाबत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या क्लेशकारक अनुभवाविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहून उठल्यावर अधिक उदास वाटले, पण पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला व आरोग्य यांवरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा उपयोग मान्य केला. मात्र कलेने करणाऱ्याचे मन हलके होणे आणि पाहणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याची चूक सर्रास होते.

प्रत्यक्ष व्यवहारात कळीचे प्रश्न याहून साधे असतात. उपचाराच्या तासाला काढलेले चित्र कोणाचे, काढणाऱ्याचे की त्याच्या केस पेपरचा भाग ? प्रदर्शनात चित्राखाली निदान लिहायचे का ? आज दिलेली संमती, माणूस बरा होऊन नोकरीला लागल्यावरही गृहीत धरायची का ? याला सरसकट उत्तर नाही. कोणाला पूर्ण नाव हवे असते, कोणाला आद्याक्षरे पुरतात आणि कोणी वर्षभराने मत बदलते. हायडेलबर्गच्या संग्रहाला २००१ मध्ये स्वतःचे संग्रहालय मिळाले. प्रिन्झहॉर्न यांच्या ग्रंथात ‘फ्रांत्स पोल’ म्हणून ओळख करून दिलेला चित्रकार आता फ्रांत्स कार्ल ब्यूलर या स्वतःच्या नावाने ओळखला जातो.