सावली आधी बघा, वॅट मागाहून
शिडाच्या छोट्या बोटींसाठी सोलर पॅनल: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आमची बोट ३२ फुटी आहे, किती वॅटचं पॅनल लागेल?" फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. बोटीच्या लांबीवरून याचं उत्तर देता येत नाही. एकाच लांबीच्या दोन बोटींपैकी एकीवर फ्रिज आणि ऑटोपायलट (बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र) असतो, दुसरीवर नुसते दिवे आणि व्हीएचएफ रेडिओ. दोघींच्या विजेच्या खर्चात कितीतरी पट फरक पडतो. म्हणून आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो: दिवसाला किती एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतली वीज मोजायचं माप) खर्च होतात, आणि पॅनल बसणार कुठे? पहिल्याचं उत्तर कागद-पेन घेऊन अर्ध्या तासात निघतं. दुसऱ्यात मात्र तुमचा आणि आमचा बराच वेळ वाया जातो. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

खर्च आणि उत्पन्न

प्रत्येक उपकरण किती अँपिअर ओढतं आणि दिवसात किती तास चालतं, यांचा गुणाकार करा आणि सगळ्यांची बेरीज घ्या. मोठा आकडा बहुधा फ्रिजचाच येतो. १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो. गरम हवेत तो निम्मा वेळ चालतो असं धरलं, तरी दिवसाचे ४८ एएच तिथेच गेले. नांगरावरचा एलईडी दिवा रात्रभर लावला तर २ एएच. आतले दिवे, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप मिळून आणखी २० धरा. म्हणजे नांगर टाकून राहिलात तर दिवसाला ७०. शिडावर निघालात की ऑटोपायलटचे सरासरी ३ अँपिअर आणि चार्टप्लॉटरचा (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या पडद्याचा) दीड, असे दहा तासांत ४५ एएच वाढतात.

पॅनलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: प्रति चौरस मीटर १००० वॅट ऊन, तेही समोरून पडणारं, आणि सेलचं तापमान २५ अंश. बोटीवर पॅनल आडवं असतं आणि भर उन्हात सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतात. तापमान वाढलं की दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे एवढ्यातच १२ ते १४ टक्के गेले. सगळी वजावट करून स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० वॅटमागे २५ ते ३० एएच हाती येतात. आम्ही हिशोबाला २५ धरतो. यावर काही जण म्हणतात, मुद्दाम कमी धरून मोठं पॅनल गळ्यात मारता. तसं नाही. वरच्या ७० एएचसाठी आम्ही ३०० वॅटच सुचवतो, शिडावरच्या दिवसासाठी ५०० कधीच सुचवत नाही. त्या दिवशी खर्च वाढतो आणि नेमकी शिडांचीही सावली पडते. ती तूट इंजिनच्या अल्टरनेटरने भरून काढणं सोपं आणि स्वस्त. इंजिन लावायचंच असेल तर सकाळी लावा. रिकामी बॅटरी सुरुवातीला भराभर करंट घेते. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला मात्र कितीतरी तास लागतात, आणि ते काम दुपारचं ऊन फुकटात करतं.

सावली

आमच्याकडे "खराब" म्हणून परत येणारी बरीच पॅनल मोकळ्या उन्हात ठेवली की ठणठणीत चालतात. बिघाड पॅनलमध्ये नसतो, त्याच्या जागेत असतो.

१२ व्होल्टच्या नेहमीच्या पॅनलमध्ये ३६ सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात. सगळ्यांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे एका सेलवर सावली पडली की त्याच्यासोबत इतरांचाही करंट खाली येतो. दोरीची बारीक सावली सेलचा थोडाच भाग झाकते, ती चालवून घेता येते. बूमची, म्हणजे शिडाचा खालचा काठ धरणाऱ्या आडव्या दांड्याची, सावली मात्र सेल पूर्ण झाकते.

"पण बायपास डायोड असतात ना?" असं जाणकार ग्राहक हटकून विचारतात. असतात. सावलीतल्या सेलच्या गटाला वगळून करंटला बाजूने वाट देणं हे त्यांचं काम. पण ३६ सेलच्या पॅनलमध्ये ते बहुधा दोनच. एकाने आपला गट बाजूला काढला की उरले १८ सेल, आणि त्यांचं व्होल्टेज ९ च्या आसपास. १२ व्होल्टची बॅटरी त्याने कशी भरणार? म्हणून पॅनलचा बहुतेक भाग लखलखत असतानाही मीटरवर जेमतेम १ अँपिअर दिसतो.

यासाठीच ऑर्डर घेण्याआधी आम्ही फोटो मागतो. वेळकाढूपणा वाटतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण पॅनल बोल्टने आवळल्यावर जागा बदलणं किती जिकिरीचं असतं ते एकदा ज्याने केलंय त्याला विचारा. पॅनलच्या मापाचा पुठ्ठा कापा, ठरवलेल्या जागी ठेवा आणि सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता वरून फोटो काढा. बूम नेहमी जिथे बांधता तिथेच असू द्या. धक्क्याला बांधलेली बोट एकाच दिशेला तोंड करून असते. नांगरावर ती वाऱ्याबरोबर फिरते, म्हणून शक्यतो नांगरावर असतानाचेच फोटो पाठवा. पुठ्ठ्यावर डोलकाठी, बूम, बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार), रडार यांपैकी कशाची सावली किती वेळ राहते ते त्यात स्वच्छ दिसतं.

बऱ्याचदा एक पैसाही खर्च न करता काम होतं. नांगर टाकल्यावर बूम मधोमध न ठेवता एका बाजूला ओढून बांधा, आणि ऊन कललं की दुसऱ्या बाजूला घ्या. तेवढ्याने भागत नसेल तर मागच्या बाजूला कमान उभारून पॅनल बूमच्या टोकाच्याही मागे न्यावं. कमानीला वारा अडतो आणि वजन उंचावर जातं, म्हणून फार छोट्या बोटीवर आम्ही ती सुचवत नाही.

बूमच्या दोन्ही अंगांना एकेक पॅनल लावणार असाल तर प्रत्येकाला वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारं यंत्र) घ्या, म्हणजे सावलीतलं पॅनल उन्हातल्याला मागे ओढणार नाही. जागा असेल तर घराच्या छतावर लावतात तसं जास्त व्होल्टेजचं पॅनल आम्हाला पसंत आहे. त्यात सेलचे तीन गट असतात आणि एक गट बाद झाला तरी उरलेलं व्होल्टेज १२ व्होल्टची बॅटरी भरायला पुरतं. फक्त लेबलवरचं ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काहीच जोडलेलं नसतानाचं) कंट्रोलरच्या मर्यादेच्या बरंच खाली असायला हवं, कारण थंडीत ते वाढतं. मर्यादा ओलांडून जळलेला कंट्रोलर वॉरंटीत बदलून मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात

वाकणारी पातळ पॅनल हलकी असतात आणि कॅनव्हासच्या छतावर तीच बसतात. डेकवर चिकटवली तर खालून हवा लागत नाही, ती जास्त तापतात, आणि पाय पडला की सेलना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. डेकवर चिकटवण्यासाठी आम्ही ती विकत नाही. काचेचं पॅनल जड असलं तरी टिकतं.

वायर कथिलाचा मुलामा असलेली, म्हणजे टिन्ड, घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतपर्यंत काळं पडतं. व्होल्टेज ३ टक्क्यांहून जास्त पडू नये इतकी ती जाड असावी, आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. होकायंत्राजवळून न्यायची वेळ आली तर प्लस आणि मायनस एकमेकींना पीळ घालून न्या, नाहीतर ऊन चढेल तशी सुई हलेल. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट क्रम.

फोन करण्याआधी एक तपासणी करा. भर दुपारी करंट कमी दिसतोय म्हणून घाबरू नका, बॅटरी भरत आली की कंट्रोलर स्वतःच हात आखडता घेतो. फ्रिज आणि दिवे चालू करा. करंट लगेच वाढला तर सगळं ठीक आहे. वाढला नाही तर पॅनलवर कसली सावली आहे का बघा, पक्ष्यांची घाण गोड्या पाण्याने धुवा, आणि मग आम्हाला कळवा.

ऑर्डरसाठी आम्हाला लागतं ते एवढंच: एएचची यादी, बॅटरीचा प्रकार आणि क्षमता, जागेचं लांबी-रुंदीचं माप आणि पुठ्ठ्याचे तीन फोटो. जागेचा आराखडा आम्ही मोफत करून देतो, पॅनल तुम्ही कुठूनही घ्या. जागा अजून नक्की नसेल तर पुठ्ठा दोन-तीन ठिकाणी ठेवून सगळेच फोटो पाठवा.