लोंढा–मुरगाव मार्ग: मिठाच्या करारापासून कोळशाच्या वाघिणींपर्यंत

होस्पेट-बळ्ळारीच्या खाणींना मुरगाव बंदराशी जोडणारी लाइन खानापूर तालुक्यातल्या लोंढ्यावरून जाते. खनिजासाठीच ती बांधली असे अनेकजण समजतात, पण 1888 मध्ये मुरगाव ते घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक ही मीटरगेज सुरू झाली तेव्हा डोळा धारवाड भागातल्या कापसावर होता. तोवर बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याला जाई.

या लाइनीच्या मुळाशी आहे 1878 चा ब्रिटिश-पोर्तुगीज करार. 1880 पासून 12 वर्षे दोन्ही हद्दींची जकात एक झाली, म्हणून त्याला ‘जकातीचा करार’ म्हणतात. खरे तर तो मिठाचा सौदा होता. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ चोरवाटांनी घाट चढे. ही गळती बुजवण्यासाठी गोव्याच्या मिठागरांचा ताबा ब्रिटिशांनी घेतला. पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये मिळाले, मिठागरांवर पोट असलेल्यांच्या वाट्याला काय आले याची चर्चा मात्र फारच थोडी होते. 1892 मध्ये करार संपला आणि नव्या लाइनीवर पुन्हा जकातनाके आले. अपेक्षित माल मिळेना, रेल्वे कंपनीला दिलेल्या हमीचे व्याज पोर्तुगीज तिजोरी भरत राहिली. 1902 मध्ये गाड्या चालवण्याचे काम ब्रिटिश हद्दीतल्या कंपनीकडे गेले.

गोव्यातले खनिज 1950 नंतर जोरात निघू लागले, पण त्याची वाट मुख्यतः पाण्याची: मांडवी-जुवारीतून बार्ज. त्यामुळे 1955 मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केल्यावर कॅसलरॉकची वाहतूक तुटली तरी जपानला होणारी निर्यात चालू राहिली. घाटमाथ्याचे खनिज 1961 नंतरच्या काळात या लाइनीवर आले. 1990 च्या दशकात ती ब्रॉडगेज झाली, पण घाट तोच राहिला.

कॅसलरॉक ते घाटाच्या पायथ्याचे कुळे सुमारे 26 किलोमीटर, चढ 37 मीटरला 1 मीटर. भरलेली गाडी उतरताना ब्रेक सतत धरावे लागतात, ठोकळे तापतात. ब्रेक वारंवार लावले-सोडले की नळीतली हवा पुरेशी भरत नाही आणि पकड ढिली पडते. म्हणून उतरण्याआधी ब्रेकची तपासणी होते, आणि सुटलेली गाडी वळवायला कॅच सायडिंग ठेवलेले असते. चढताना जादा इंजिने, म्हणजे बँकर, लागतात. पावसाळ्यात दरडींची भर.

2010-11 मध्ये कर्नाटकातली निर्यातबंदी आणि न्यायालयीन खाणबंदी आल्यावर उतरणारे खनिज आटले. आता भार उलटा आहे: आयात कोळसा बळ्ळारीच्या पोलाद कारखान्यांकडे घाट चढतो. त्यासाठीच या लाइनीचे दुहेरीकरण हवे असल्याचा त्या प्रकल्पाच्या विरोधकांचा आरोप आहे. अभयारण्यातल्या कॅसलरॉक–कुळे टप्प्याच्या दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली.