बीआरडीयू आणि ईडीयू : विभागणाऱ्या पेशींवर खूण करायची पद्धत

शरीरातल्या कुठल्या पेशी सध्या विभागतायत हे नुसतं मायक्रोस्कोपखाली बघून नीट कळत नाही, कारण एका पेशीच्या दोन होतात तो प्रकार इतका झटपट उरकतो की टिश्यूच्या पातळ कापात त्या अवस्थेतल्या पेशी मोजक्याच सापडतात. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या आधीचा टप्पा पकडतात. विभागण्याआधी पेशीला आपला सगळा डीएनए कॉपी करावा लागतो, माणसाच्या बऱ्याच पेशींत त्याला साधारण ८ तास लागतात, आणि या कामाला कच्चा माल म्हणून थायमिडीन लागतंच लागतं. थायमिडीनच का निवडलं, तर ते डीएनएमध्येच वापरलं जातं, आरएनएमध्ये त्याच्या जागी युरिडीन असतं. मग थायमिडीनसारखंच पण नंतर ओळखू येईल असं कृत्रिम न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकासारखा रेणू) प्राण्याला टोचलं, की त्या वेळी डीएनए कॉपी करत असलेल्या पेशी ते खरं समजून आपल्या डीएनएत बसवून टाकतात, बाकीच्या पेशी कोऱ्या राहतात.

सुरुवात किरणोत्सर्गी थायमिडीनपासून झाली. १९५७ मध्ये टेलर, वुड्स आणि ह्यूझ यांनी ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेलं थायमिडीन बाकल्याच्या मुळांना दिलं आणि क्रोमोसोमची कॉपी होताना जुना अर्धा आणि नवा अर्धा कसा वाटला जातो ते दाखवलं. ट्रिटियमचे कण टिश्यूत फार लांब जात नाहीत त्यामुळं फोटोच्या इमल्शनवर ठिपके बरोबर त्या पेशीच्या डोक्यावरच उमटतात, पण त्यासाठी स्लाइड अंधारात कित्येक आठवडे ठेवाव्या लागायच्या. याच पद्धतीनं जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकात पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत जन्मानंतरही नवे न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, तयार होतात असं सांगितलं. तेव्हा मोठेपणी मेंदूत नवे न्यूरॉन बनतच नाहीत असं पक्कं मानलं जायचं, त्यामुळं त्यांच्या कामाकडं बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि हे मला आजही वाईट वाटण्यासारखं वाटतं.

पुढं बीआरडीयू आलं, पूर्ण नाव ब्रोमोडिऑक्सियुरिडीन. थायमिडीनच्या रिंगवर जिथं मिथाइल गट असतो तिथं यात ब्रोमीनचा अणू आहे, दोघांचा आकार जवळपास सारखा, म्हणून पेशीची मशिनरी फसते. १९८२ मध्ये ग्रॅट्झनर यांनी बीआरडीयू ओळखून त्याला चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच लक्ष्याला चिकटणारं प्रोटीन) बनवली आणि आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं, शिवाय किरणोत्सर्ग नाही. पण एक अडचण होती आणि ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांना ती चांगलीच ठाऊक असते: डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटलेले असले की अँटिबॉडीला बीआरडीयूपर्यंत पोचता येत नाही. म्हणून टिश्यूला हायड्रोक्लोरिक ॲसिड किंवा उष्णता देऊन धागे सोडवायचे, आणि त्यात बाकीची प्रोटीनं बिघडतात, मग त्याच कापावर दुसरी अँटिबॉडी लावायची असेल तर ती नीट लागेलच असं नाही.

ही कटकट ईडीयूनं, म्हणजे इथिनिलडिऑक्सियुरिडीननं, सोडवली. २००८ मध्ये सालिक आणि मिचिसन यांनी ही पद्धत मांडली. यात ब्रोमीनच्या जागी अल्काइन नावाचा अणूंचा एक छोटा गट असतो, आणि तांब्याच्या मदतीनं त्याला अझाइड हा दुसरा गट लावलेला चमकणारा रंग जोडता येतो, म्हणजे क्लिक केमिस्ट्री, जिला २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. रंगाचा रेणू अँटिबॉडीच्या मानानं अगदी चिमुकला, त्यामुळं धागे न सोडवताच तो आत शिरतो आणि अर्ध्या तासात काम होतं.

उपयोग बघायचा तर आतड्याचं उदाहरण सगळ्यात सुंदर. उंदराला एकदाच डोस देऊन दोन तासांनी आतडं पाहिलं तर खूण झालेल्या पेशी खाली खळग्यांत दिसतात, तीच खूण दुसऱ्या दिवशी वर सरकलेली असते आणि ३ ते ५ दिवसांत त्या पेशी बोटासारख्या उंचवट्याच्या टोकाला पोचून गळून पडतात. म्हणजे एकाच खुणेवरून पेशी कुठं जन्मली, कुठं गेली आणि कधी संपली ते सगळं वाचता येतं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये विदिता वैद्य यांच्या लॅबनंही बीआरडीयू वापरलंय. नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं रसायन कमी केलं की पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी निगडित भाग) पेशींचं विभागणं घटतं हे त्यांनी २००२ मध्ये दाखवलं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही खूण 'पेशी विभागली' असं सांगत नाही, 'डीएनए बनला' एवढंच सांगते, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. लिव्हरच्या किंवा हृदयाच्या स्नायूच्या पेशी कधीकधी डीएनए दुप्पट करतात पण विभागतच नाहीत. तुटलेला डीएनए दुरुस्त होतानाही थोडी खूण बसू शकते. मेलेल्या पेशीतून सुटलेलं बीआरडीयू शेजारची विभागणारी पेशी उचलते, त्यामुळं खूण करून रोपण केलेल्या पेशी शोधताना भलत्याच पेशी आपल्या वाटतात. शिवाय दर विभागणीला खूण निम्मी होते, ताकात पाणी घालत गेलं की ते जसं पातळ होतं तसं, आणि चारपाच वेळा विभागलेली पेशी शेवटी कोरीच दिसू शकते. बीआरडीयू म्युटेशन घडवू शकतं आणि ईडीयू जास्त दिवस दिलं तर पेशींना त्रास होतो. म्हणून सोबत केआय-६७ सारखं, विभागणाऱ्या पेशींत दिसणारं प्रोटीनही तपासायचं, आणि डोस कधी दिला नि टिश्यू कधी काढला हे लिहिल्याशिवाय आकडा द्यायचा नाही.

माणसांत हे सहसा करता येत नाही. पण काही कॅन्सर पेशंटना ट्यूमर किती वेगानं वाढतोय हे कळावं म्हणून बीआरडीयू दिलं गेलं होतं, त्यातल्या पाच जणांच्या मेंदूचे काप मृत्यूनंतर तपासून एरिक्सन, गेज आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही नवे न्यूरॉन बनतात असं लिहिलं. ते पाच जण होते म्हणून हे कळलं, हे विसरता कामा नये. जिवंत माणसात ट्यूमर पाहायला फ्लोरोथायमिडीनचा पेट स्कॅन आहे, पण ते डीएनएत जवळजवळ शिरतच नाही, पेशीत अडकून बसतं, म्हणून तो अंदाज आडून काढलेला असतो. २०१८ मध्ये दोन गटांनी माणसाच्या हिप्पोकॅम्पसबद्दल एकमेकांच्या उलट निष्कर्ष छापले, एक म्हणे मोठेपणी नवे न्यूरॉन बनत नाहीत, दुसरा म्हणे म्हातारपणीही बनतात, आणि दोघांनीही खूण नाही तर मार्कर प्रोटीनं (नव्या न्यूरॉनची ओळख सांगणारी प्रोटीनं) वापरली होती.