हवामान न्यायाचा पैसा विदर्भात पोचायचा कसा, अडला कुठे

कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख, मे महिन्यातलं ऊन, गडचिरोलीचे वनहक्क हे विषय नागपूरकरांना नव्याने सांगायला नकोत. हवामान बदलाची सर्वाधिक झळ सोसणाऱ्यांना न्याय मिळावा, म्हणजे हवामान न्यायासाठी धोरण बदलावं म्हणून झटणाऱ्यांना पैसा कुठून मिळत होता, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

पूर्वी इथली दलित आणि कामगार चळवळ मुख्यतः वर्गणीवर चालायची. परदेशी देणग्यांवर पहिला कायदा आणीबाणीत, 1976 मध्ये आला. 2010 च्या कायद्याने परदेशी देणगी घेण्यासाठी लागणाऱ्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण आलं.

खरा घाव सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने घातला. तोवर मोठ्या शहरातली नोंदणीकृत संस्था परदेशी प्रतिष्ठानाचं अनुदान घ्यायची आणि त्यातला हिस्सा जिल्ह्यातल्या छोट्या नोंदणीकृत संस्थेकडे वळवायची. इंग्रजी प्रस्ताव, लेखापरीक्षण, अहवाल हे मोठी संस्था बघायची. छोटी संस्था गावात माहिती जमवायची, ग्रामसभेचे वनहक्काचे दावे भरायला मदत करायची, प्रकल्पांच्या जनसुनावणीची तयारी करून घ्यायची. दुरुस्तीने हे हस्तांतर सरसकट बंद केलं. दोघींकडे नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि वकिलांची फी, कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार त्यातच धरतात. विहीर खोदणाऱ्या संस्थेला हे एक वेळ जमेल. धोरणावर काम करणाऱ्यांचा तर मोठा खर्च याच गोष्टींवर होतो.

पैसा हातोहात फिरला की त्याचा माग लागत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये बंदी वैध ठरवली. परदेशी देणगी घेणं हा निरपवाद हक्क नाही, असं सांगितलं. मागाचा मुद्दा खोटा नाही. पण दोन्ही संस्था सरकारकडे वार्षिक हिशेब देत असताना व्यवहारच बंद करणं हा उपाय रोगापेक्षा जड होता, आणि त्याचा भार सर्वांत लहान संस्थांवर पडला. 1 जानेवारी 2022 रोजी देशभरात सुमारे 6 हजार संस्थांची नोंदणी संपुष्टात आली. त्यांतल्या काहींनी नूतनीकरणासाठी अर्जच केला नव्हता, हेही नोंदवायला हवं.

त्याच वर्षी जुलैत वीज केंद्राच्या राखेचा खसाळ्यातला बंधारा फुटला. मे 2023 मध्ये कोराडीत 660 मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीआधी गावकऱ्यांना मराठीत सारांश मिळतो. शेकडो पानांचा मूळ पर्यावरण अहवाल वाचून आक्षेप लिहायला तज्ज्ञ लागतो, त्याला मानधन लागतं.

यासाठी कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, असं उत्तर मिळतं. 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के त्यावर खर्च करावे लागतात. त्यातून वृक्षारोपण होतं, शाळेच्या खोल्या होतात. प्रकल्पाला प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासाला कंपनी पैसा देईल, ही अपेक्षाच भाबडी आहे. राहतात देशी देणगीदार, आणि त्यांचा ओढा अजून शिक्षण-आरोग्याकडेच जास्त आहे.

2022 मध्ये नूतनीकरण झालेल्या नोंदण्यांचीही मुदत 5 वर्षांचीच आहे.