रिपोर्टात ‘बॅलन्स’ सापडत नाही

परवा कोथरूडहून वन्सं आल्या त्या पिशवीत तीन रिपोर्ट घेऊनच. तिन्हींत एफएसएचचा (पाळीशी संबंधित एका हार्मोनचा) आकडा वेगळा. ‘‘वहिनी, यातला खरा कुठला?’’

तिन्ही खरे! पाळी जायच्या काळात हे हार्मोन पुण्यातल्या वळवासारखं. आज धो धो, उद्या ऊन. म्हणून ‘आधी रक्त तपासा, हार्मोनचा बॅलन्स कळेल, मग औषध’ हा जुना समज चुकीचा. वयाच्या 45 नंतर निदान लक्षणांवरूनच होतं: मागेपुढे होणारी पाळी, अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती. (चाळिशीच्या आत थांबली तर मात्र तपासणी हवीच. थायरॉइडही बघून घ्यावं, त्याचा त्रास बराचसा असाच असतो.)

औषध म्हणून हार्मोन घ्यायचं ठरलं तरी डोस त्रास बघूनच बसवतात. सुरुवात कमी मात्रेने, साधारण 3 महिन्यांनी फेरविचार. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

वन्संनी चौथी टेस्ट रद्द केली. आता रात्री किती वेळा घाम आला, ते दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर लिहितात.