शिडाची जुनी फायबर बोट कशी ओळखावी?

जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी ‘ट्रायटन’ नावाची शिडाची बोट मांडली. लांबी साधारण साडेअठ्ठावीस फूट, किंमत दहा हजार डॉलरच्या आत, आणि सगळं अंग फायबरग्लासचं. प्रदर्शनातच १७ बोटी विकल्या गेल्या. फायबरच्या बोटी त्याआधीही बनत होत्या. ओहायोतल्या रे ग्रीनने १९४२ मध्येच एक करून पाहिली होती. पण मध्यमवर्गीय कुटुंबाने विकत घ्यावी आणि खुशाल समुद्रात न्यावी अशी बोट साच्यातून एकामागोमाग एक काढता येते, हे ट्रायटनने दाखवून दिलं. अशा सातशेच्या आसपास बोटी निघाल्या. त्यांतल्या कितीतरी आजही पाण्यात आहेत.

ट्रायटनचा आराखडा स्वीडनमध्ये जन्मलेल्या कार्ल अल्बर्ग यांचा. सामग्री अगदी नवी, पण आकार लाकडी बोटींच्या परंपरेतला. अशी बोट ओळखताना पहिली नजर टाकावी ती दोन्ही टोकांवर. ट्रायटन साडेअठ्ठावीस फूट लांब असली तरी पाण्याला टेकते ती जेमतेम साडेवीस फूट. उरलेले आठ फूट नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला पाण्याच्या वर अधांतरी असतात. दिसायला हे फार देखणं दिसतं, पण ते निव्वळ शोभेसाठी केलेलं नाही.

जड बोट पुढे सरकताना स्वतःच एक लाट उठवते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते. बोट पाण्याला जितकी लांब टेकेल तितकी ही लाट लांब आणि वेगवान. म्हणून पाण्याशी टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं, की अशा बोटीच्या वेगाची मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळते. ट्रायटनसाठी ती सहाच्या आसपास येते. त्या काळच्या अमेरिकन शर्यतींच्या नियमांत ही लांबी बोट सरळ उभी असताना मोजत, आणि लांबी कमी असेल तर वेळेची सवलत मिळे. मग वाऱ्याने बोट कलली की अधांतरी टोकं पाण्यात उतरत आणि टेकलेली लांबी वाढे. सवलत आखूड बोटीची आणि वेग लांब बोटीचा! १९७० च्या सुमारास नियम बदलले आणि नव्या आराखड्यांतली ही लांब टोकंही आखडत गेली.

त्यानंतर बोट किनाऱ्यावर ठेवलेली असेल तर खाली वाकून पाहावं. अल्बर्ग यांच्या बोटींना तळाशी जवळजवळ पूर्ण लांबीची कील, म्हणजे पाण्याखालचा वजनदार उभा कणा, असते आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला जोडलेलं असतं. पाण्याशी घर्षण जास्त, म्हणून मंद वाऱ्यात ही बोट रेंगाळते. पण एकदा दिशा धरली की सोडत नाही. मला हा सौदा मान्य आहे. एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्यांनाही तो पटतो. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या २०२२ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत पूर्ण लांबीची कील आणि १९८८ पूर्वीचा आराखडा या अटीच होत्या. अभिलाष टॉमी यांनी त्यात ‘रस्लर ३६’ जातीच्या फायबर बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरा क्रमांक मिळवला.

मात्र आकारावरून कळतं ते आराखड्याचं घराणं. बोट कोणत्या वर्षी बांधली ते नव्हे. अल्बर्ग यांचीच ‘केप डोरी टायफून’ ही साडेअठरा फुटांची चिमुकली बोट १९८० च्या दशकातही बनत होती. वजन सुमारे नऊशे किलो, आणि त्यातलं चारशेहून जास्त कीलमध्ये! एवढ्याशा बोटीचा तोल इतका भरवशाचा का, ते यावरून समजतं. बांधणीचं वर्ष हवं असेल तर बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे वरच्या बाजूला पाहावं. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत तिथे बारा अक्षर-अंकांचा क्रमांक सक्तीचा झाला. पहिली तीन अक्षरं कारखान्याची. पिअर्सनची असेल तर ‘पीईए’. शेवटच्या चार जागांवरून तारीख काढता येते. त्याआधीच्या बोटीत केबिनमधली धातूची पट्टी किंवा शिडावरचं चिन्ह शोधावं लागतं.

आता एखाद्या कप्प्याचं झाकण उघडून बोटीची आतली बाजू पाहा. बाहेर जेलकोट नावाचा गुळगुळीत लेप, आत मात्र रेझिनखाली, म्हणजे घट्ट झालेल्या राळेखाली, काचेच्या जाड विणीचे चौकोन बोटांना जाणवतात. साच्यात आधी जेलकोट, मग काचतंतूंचे थर आणि पॉलिएस्टर रेझिन, असं हे अंग हाताने रचलेलं असतं. रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. त्यात लाकडासारखं कुजण्याजोगं काही नसतं. सुरुवातीच्या कारखानदारांनी तर थर सढळ हाताने घातले. साठ वर्षांनंतरही ही अंगं धडधाकट आहेत, त्यामागे हा सढळपणा आहे.

खरी दुखरी जागा म्हणजे डेक. पातळ पत्रा पायाखाली लवतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. पण निव्वळ काचेची जाडी वाढवली तर बोटीच्या वरच्या भागाचं वजन वाढून तोल बिघडेल. म्हणून पुष्कळ बोटींत फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड भरलेलं असतं. कल्पना उत्तम, फक्त त्यातून आरपार जाणारा प्रत्येक बोल्ट ही पाण्याची वाट ठरू शकते. रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी चांदणीसारख्या बारीक भेगा दिसल्या, तर तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. टणक, खणखणीत आवाज आला तर आतलं लाकूड शाबूत. आवाज बद्द आला तर बाल्सा भिजलाय किंवा थर सुटलेत. खडूने त्या भागाची हद्द आखून घ्यावी. मग वरचा थर कापून काढतात, कुजका भुसा खरवडतात, जागा पूर्ण वाळू देतात, नवा बाल्सा इपॉक्सी या चिकट रेझिनने बसवतात आणि वर पुन्हा काचेचे थर चढवतात. काम वेळखाऊ आणि अंगाला खाज आणणारं आहे, पण हौशी मालक ते घरच्या अंगणात करतात आणि पुढच्या मोसमात बोट पाण्यात सोडतात.