थर्मोस्टॅटला कॉमन वायर का लागते: एका तारेची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घर तापवायची फर्नेस इथे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. पण अमेरिकेत नोकरीला गेलेली आपली पोरं थंड मुलुखात घर घेतात, हौसेने वाय-फाय थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणारं यंत्र) आणतात आणि जुना काढल्यावर अडतात. भिंतीतून दोनच तारा बाहेर आलेल्या असतात आणि नव्या यंत्राला ‘सी’, म्हणजे कॉमन वायर हवी असते. बांधणाऱ्याने तारेत कंजुषी केली असं वाटणं साहजिक आहे, पण त्याच्यावर तो अन्याय होतो. घर बांधलं तेव्हा त्या तारेला काही कामच नव्हतं.

विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी 1883 मध्ये विजेवर चालणाऱ्या तापमान-सूचकाचं पेटंट घेतलं. वर्ग गार पडला की तळघरात सूचना जायची आणि शाळेचा शिपाई उष्णता वाढवायचा. दोनेक वर्षांत मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झ यांनी शिपायाचं कामही यंत्राकडे दिलं. खोली थंड झाली की थर्मोस्टॅट सर्किट पूर्ण करायचा, मोटर अर्धा फेरा घ्यायची आणि साखळीने कोळशाच्या भट्टीचं हवेचं झाकण उघडायचं. बुट्झ यांच्या कंपनीतूनच पुढे, 1927 च्या विलीनीकरणानंतर, मिनियापोलिस-हनीवेल उभी राहिली.

या सगळ्यात थर्मोस्टॅट स्वतः वीज खात नव्हता. तो निव्वळ स्विच होता, आणि पुढची कित्येक दशकं स्विचच राहिला. कोळसा जाऊन गॅस आला, फर्नेसमध्ये 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसला. त्याचं एक टोक ‘आर’, दुसरं ‘सी’. गॅसचा व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘गरम कर’ सांगणारी तार, आणि ‘सी’ यांच्यामध्ये. म्हणजे कॉमनचं सगळं काम फर्नेसच्या डब्यातच उरकायचं. भिंतीवर फक्त ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ न्यायचे, थंडी झाली की दोन्ही जोडायचे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी पट्टीवर क्लिपा मारून केलेली वायरिंग आठवा: बटणाकडे फेज जायचा, तिथून तार दिव्याकडे, आणि न्यूट्रल थेट दिव्यावर. बटणाला न्यूट्रल कशाला द्यायचा?

1953 मध्ये हनीवेलचा टी-87 आला, हेन्री ड्रेफस यांनी रूप दिलेला गोल थर्मोस्टॅट. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि काचेच्या कुपीत पारा. पट्टी थंडीने वळली की कुपी कलते, पारा घरंगळून दोन टोकं जोडतो. खोली जास्त तापू नये म्हणून पट्टीला जरा आधीच ऊब देणारा एक बारीक रेझिस्टर आत असायचा. तो तापायचा, पण व्हॉल्व्हला जाणाऱ्या प्रवाहावरच. मला हे यंत्र फार सुंदर वाटतं. दोन तारांत याहून चोख काम क्वचितच कोणी केलं असेल.

एसी आले तेव्हा कॉम्प्रेसरसाठी ‘वाय’ आणि पंख्यासाठी ‘जी’ या तारा वाढल्या, ‘सी’ तरीही बहुधा वगळलेलीच. घड्याळवाले डिजिटल थर्मोस्टॅट आले, तेही पेन्सिल सेलवर महिनोन् महिने चालले.

अडचण खरी सुरू झाली ती वाय-फायपासून. रेडिओ सतत जागा ठेवायचा तर सेल पुरत नाहीत. 2011 च्या नेस्टसारख्या थर्मोस्टॅटनी मग एक चतुर वाट काढली. हीटिंग बंद असताना ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यात पूर्ण 24 व्होल्ट असतात. तिथून अगदी थोडा प्रवाह व्हॉल्व्हच्या कॉइलमधून सोडायचा आणि आतली छोटी बॅटरी भरायची. कॉइलने व्हॉल्व्ह उघडू नये इतकाच तो प्रवाह. पण नव्या फर्नेसमध्ये थेट कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. त्यातल्या काहींना हा थेंबभर प्रवाहसुद्धा ‘गरम कर’ असा हुकूम वाटतो. रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, टकटक करतो, फर्नेस अवेळी सुरू होते. उलट हीटिंग चालू असताना ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडलेले असतात, त्यामुळे उसनं घ्यायला व्होल्टेजच उरत नाही. म्हणून मी तरी ही उसनवारी टाळून सरळ ‘सी’ जोडा असंच सांगतो.

अनेकदा ती तार भिंतीत आधीच असते. पाच तारांच्या केबलमधली वापरात नसलेली, बऱ्याचदा निळी तार मागे गुंडाळून ठेवलेली सापडते. ती दोन्हीकडे ‘सी’ला लावली की झालं. रंगावर मात्र विसंबू नका, फर्नेसच्या बाजूला ती कुठे जाते ते पाहा. ‘सी’ म्हणजे अर्थिंग नव्हे, हेही लक्षात असू द्या. आधी फर्नेसची मुख्य वीज बंद करा, कारण ‘आर’ आणि ‘सी’ एकमेकांना टेकले की बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. मोकळी तार नसेल तर नवी केबल ओढणं, प्लगचा वेगळा 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावणं किंवा एकाच तारेवर दोन संदेश पाठवणारा अडॅप्टर बसवणं, हे मार्ग आहेत.

आपल्याकडे केळी पिकवायच्या चेंबरमध्ये किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये ही पंचाईत सहसा येत नाही. तिथल्या डिजिटल कंट्रोलरला स्वतःचे फेज-न्यूट्रल मिळतात आणि रिले वेगळा असतो. पण धुळे-जळगावच्या नव्या बंगल्यांत स्मार्ट स्विच येऊ लागलेत, आणि तिथे हीच गोष्ट पुन्हा घडते. बटणाच्या बॉक्समध्ये न्यूट्रल नसेल तर काही स्मार्ट स्विच दिव्यातून थोडा प्रवाह घेतात. जुन्या 60 वॉटच्या बल्बमध्ये तो दिसलाही नसता. एलईडी मात्र बंद असूनही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. घराचं काम चालू असेल तर प्लास्टर होण्याआधीच वायरमनला सांगून प्रत्येक बटणाच्या बॉक्सपर्यंत एक काळी न्यूट्रल तार ओढून घ्या, आज स्मार्ट स्विच लावायचा नसला तरीही.